विलासने घडवलेला तिरका दात

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही दुबईजवळ अजमानला, आमच्या घरी नाश्त्याला बसलो होतो. सुटीवर सांगलीला गेला होता, तिथेच झोपेत गेला. माझ्या बायकोने, मेधाने, बातमी ऐकली आणि तोंडावर हात धरला. तिला तसा हात धरताना मी चार वर्षांनी पाहत होतो... आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला त्याच्याबद्दलचा माझा जुना हेवा आठवला.

आम्ही दोघं एकाच लॅबमध्ये दात घडवायचो. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून कॅप किंवा ब्रिज तयार करणारे आम्ही. पोर्सिलेनचे थर कसे चढवायचे, भट्टी किती तापवायची, हे विलासला मीच शिकवलं. दोन वर्षांत पार रास अल खैमा शहरातून डॉक्टरांचे फोन यायला लागले, "हबीबी, फ्रंट टूथ है, विलास को ही देना." माझ्या वाट्याला दाढा उरल्या. दाढा कोण बघतो! मी केलेले दात पांढरेशुभ्र, कवायतीला उभे केल्यासारखे. तो मात्र पेशंटचा जुना फोटो मागवायचा आणि चहाचा डाग, बारीक चीर, सगळं नव्या दातात उतरवायचा. "अरे, लोक नवा दात घ्यायला येतात की जुना?" असं मी चिडवायचो. तो नुसता हसायचा, आणि त्या हसण्यानेही माझ्या पोटात दुखायचं.

मग मेधा पार्किंगच्या जिन्यावर पडली आणि तिचा समोरचा एक दात गेला. शेजारच्या दोन दातांच्या आधाराने ब्रिज करायचा होता. डॉक्टरांनी विलासचं नाव काढायच्या आत मी म्हटलं, "घरचं काम आहे, मीच करणार." जीव ओतून केला. आमची मुलगी तो बघून म्हणाली, "आई, यू लुक लाइक अ टूथपेस्ट ॲड!" त्या दिवसापासून मेधा हसताना तोंडावर हात धरायला लागली. विचारलं की म्हणायची, "छान आहे हो." लॅबमध्ये मी हे कुणालाच बोललो नाही. पण त्या दिवसांत एकदा विलास घरी येऊन गेला होता, आणि त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

ब्रिज अजून कच्च्या सिमेंटवरच होता, काढून बदलता येण्यासारखा. एका सोमवारी माझ्या टेबलावर मेधाच्या दाताच्या कामाचा डबा दिसला, आत नवा ब्रिज. आमच्याकडे प्रत्येक डब्यावर काम करणाऱ्याचं नाव लिहितात. चिठ्ठीवर नाव माझं होतं, अक्षर विलासचं. मधला दात किंचित तिरका, शेजारच्यावर चढलेला.

"हे काय?"

"वहिनींचा तसाच होता ना, दादा. गणपतीत सगळे जमायचो तेव्हा हसताना दिसायचा."

वीस वर्षं संसार केलेला, दिवसभर दातच बघणारा मी... मला आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं.

माझ्याच नावाने तो ब्रिज बसला आणि मेधाचा हात खाली आला. पुढच्या शुक्रवारी विलास जेवायला आला तेव्हा ती म्हणाली, "बघा भावजी, ह्यांनी दुसऱ्यांदा किती परफेक्ट केला!" विलास भात कालवत म्हणाला, "दादांचा हातच तसा आहे, वहिनी." मी वरण वाढून घेतलं. पुढे चार वर्षं गप्पच राहिलो. त्याचे उपकार सहन होत नव्हते, म्हणून लॅबमध्ये त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागलो. त्याने कधी कारण विचारलं नाही, आणि आता विचारणारही नाही.

मागच्या आठवड्यात राहवेना. मेधाला सगळं सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, माहितीये मला. आरशात बघितलं तेव्हाच कळलं. तुम्ही केला असता तर सरळ केला असता."

"मग त्या दिवशी जेवताना माझं कौतुक...?"

"तुम्ही खरं सांगता का, ते बघत होते."

माझं तोंड बघून ती डोळे पुसता पुसता हसली, तोंडावर हात न धरता. तिरका दात दिसला. या वेळी मी तो नीट बघून ठेवला. गेलेल्या माणसाचा हेवा करणं शोभत नाही, मला कळतं. पण ती रोज हसते, आणि मला रोज हेवा वाटतो.