दोनशे मीटर खालून परतलेला आनंदा

आनंदा साळवे खांबावर चढण्याआधी मला नेहमी एकच प्रश्न विचारायचा आणि माझ्या उत्तरावर कधीही विश्वास ठेवायचा नाही. चौसाळ्याच्या वीज उपकेंद्रात मी ऑपरेटर, तो कंत्राटी वायरमन. फोनवर विचारायचा, "लाइन बंद केलीस का?" मी म्हणायचो, "केली." मग म्हणायचा, "तू म्हणलास म्हणून बंद झाली व्हय रं?" आणि जमिनीतल्या अर्थिंगला जोडलेली लांब काठी एकेका तारेला लावून, स्वतःची खात्री करूनच वर चढायचा. तेवढ्या वेळात बाकीचे वायरमन दोन खांब उरकून चहाला बसलेले असत. आम्ही त्याचं नाव ठेवलं होतं शंकासुर. हे बारसं मीच केलं होतं.

असा हा शंकासुर हिमालयात साडेसहा हजार मीटरच्या शिखरावर निघाला, तोही ऐन हिवाळ्यात. झालं असं, की पुण्याच्या गिर्यारोहकांची एक टोळी कपिलधारच्या कड्यावर सरावाला आली होती. त्यांचा दोर वर कपारीत अडकला. आनंदा तिथं लाइटच्या कामाला गेलेला. तो अनवाणी वर गेला, दोर सोडवला आणि परत कामाला लागला. पुणेकरांनी त्याला सोडलंच नाही. चार वर्षं सुट्ट्या टाकून तो त्यांच्यासोबत डोंगर हिंडला. शेवटी हिवाळ्यातल्या मोहिमेत त्याचं नाव आलं.

आमच्याकडे हिवाळा म्हणजे कानाला मफलर आणि ज्वारीचा हुरडा. चहाच्या टपरीवर सगळे विचारायचे, "जायचंच हाय तर उन्हाळ्यात जा की. हिवाळ्यात कशाला मरायला?" तो म्हणायचा, "उन्हाळ्यात डोंगर मऊ असतोय. आपण कितपत टिकतो ते हिवाळ्यात कळतंय." सराव म्हणून भर मे महिन्यात, बाहेर रस्त्याचं डांबर वितळत असताना, तो दोन स्वेटर घालून माजलगावच्या बर्फाच्या कारखान्यात बसायचा आणि हातमोजे न काढता दोराच्या गाठी मारायचा, सोडायचा. मी गावभर सांगत सुटलो, की आनंदा हिमालयात जाण्याआधी बीड जिल्ह्यातच गारठून मरणार.

मग यात भाऊसाहेब उतरले. भाऊसाहेब म्हणजे आमचे पुढारी. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि हिमालयाला अजून कोणत्याच पक्षानं हात घातला नव्हता. त्यांनी निरोप समारंभ केला, शाल-श्रीफळ दिलं आणि माइकवर जाहीर केलं, "आनंदा, शिखर सर करून ये. तुझं पर्मनंटचं माझ्याकडं लागलं!" चौदा वर्षं कंत्राटावर काढलेल्या माणसाच्या कानावर हा शब्द पडला, तेव्हा त्याचा चेहरा क्षणभर हलला. मी तो पाहिला. त्याची बायको सुमन गाडी सुटताना एवढंच म्हणाली, "बर्फ बघा न्हाईतर काय बी बघा, पर पर्मनंट होऊन या."

आमच्या गावात काम होण्याआधी अभिनंदनाचा फ्लेक्स छापतात. ऐनवेळी घाई नको म्हणून. 'हिमशिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' हा फ्लेक्स आनंदा दिल्लीला पोचण्याआधीच छापून आला आणि शिखर गाठायच्या ठरलेल्या तारखेला चौकातल्या खांबावर चढला. त्यात भाऊसाहेबांचा चेहरा दरवाजाएवढा. आनंदा कोपऱ्यात, कंपनीचं पिवळं हेल्मेट घातलेला. मागच्या डोंगराच्या पायथ्याशी धष्टपुष्ट गाई चरत होत्या. ऐन हिवाळ्यात हिमालयात हिरवं गवत कुठून आलं, हे विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही.

चार दिवसांनी आनंदाचा मला फोन आला. "वर गेलो न्हाई. दोनशे मीटर खालून फिरलो."

"अरे, कशामुळं बे?"

"शेवटच्या कड्याला जुना दोर लटकत व्हता, बर्फात गाडलेला. म्या इचारलं, कोणी बांधला? कुनालाच ठावं न्हवतं. म्या न्हाई लटकलो."

"आन् बाकीचे?"

"दोघं गेले. दोर टिकला. शिखरावर जाऊन आले."

"मग तूबी गेला असतास की येड्या!"

"टिकला हे आता कळलं. तवा कुठं ठावं व्हतं?"

ते दोघं परत येईपर्यंत तो कड्याखाली वाऱ्यात चार तास उभा होता, त्यांना खाली आणायला कुणीतरी पाहिजे म्हणून. त्यात उजव्या हाताची दोन बोटं गारठून काळी पडली. हे त्यानं सांगितलंच नाही, मला नंतर पुणेकरांकडून कळलं.

मी धावत भाऊसाहेबांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "दोनशे मीटर म्हंजी किती? हितून बस स्टँड. तेवढ्यानं काय होतंय? फ्लेक्स लागलाय. त्याला म्हणावं, बोलू नको, नुसता गप उभा राहा. पर्मनंटचं मी बगतो." मीही काही कमी शहाणा नव्हतो. हा निरोप मी आनंदाला फोनवर चढ्या आवाजात पटवला. वर चौदा वर्षांची आणि सुमनची आठवण करून दिली. त्यानं बसची वेळ सांगून फोन ठेवला. मला वाटलं, पटलं.

तो आला त्या दिवशी चौकात डीजे, फटाके, मंडप. आमच्या उपकेंद्राच्या गेटातून चौक दिसतो, त्यामुळे ड्यूटीवर असूनही मला सगळं दिसत होतं. आनंदा बसमधून उतरला. गळ्यात हार पडला. भाऊसाहेब बोलायला उभे राहिले आणि आनंदा त्यांच्याकडे न बघता खांबाकडे बघत राहिला. फ्लेक्सची लोखंडी चौकट ज्या तारेनं बांधली होती, तिचं मोकळं टोक वाऱ्यानं वीजवाहिनीकडे झुलत होतं. खाली दोनशे माणसं. माझा फोन वाजला.

"हे कोणी बांधलं? लाइन बंद कर."

"आनंदा, भाऊसाहेबांचं भाषण चालू हाय."

"तार झुलतीय. बंद कर."

मी बंद केली. मंडपाची वीज त्याच लाइनवर आकडा टाकून घेतलेली, त्यामुळे भाऊसाहेबांचा माइक 'या मातीच्या सुपुत्रानं' इथंच मेला. आनंदानं काठी मागवली, तारांना लावली आणि पट्टी बांधलेल्या बोटांनिशी, हारासकट वर चढला. चौकट सोडवता सोडवता त्यानं खाली ओरडून सांगितलं, "भाऊसाहेब, म्या शिखरावर गेलो न्हाई! दोनशे मीटर खालून परत आलो. ह्ये खोटं हाय, म्हणून उतरवतो!"

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "खांबावर तरी पुरा चढलास का बे?" सगळा चौक हसला. मी पण हसलो. सुमन हसली नाही.

भाऊसाहेब निवडून आले. पुढच्या महिन्यात कंत्राटदाराच्या नव्या यादीत आनंदाचं नाव नव्हतं. फ्लेक्स कुणीतरी कडब्याच्या गंजीवर झाकायला नेला. आनंदा पुण्याला गेला, तिथं पोरांना दोर बांधायला शिकवतो. जाताना मला भेटून गेला.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती त्यानं कधीच कुणाला सांगितली नाही. बारा वर्षांपूर्वी मी 'बंद केली' म्हणालो होतो आणि दुसऱ्याच लाइनीचं फीडर बंद केलं होतं. त्यानं काठी लावली, जाळ उडाला. तो उपकेंद्रात आला, तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "दुसरं बंद केलंस बे. ह्ये कर." तक्रार केली असती तर माझी कायम नोकरी त्याच दिवशी गेली असती. शंकासुर हे नाव मी त्याच आठवड्यात ठेवलं. लाज वाटली की माणूस आधी दुसऱ्यालाच नाव ठेवतो.

परवा नव्या वायरमनचा फोन आला. "साहेब, बंद केली का?"

"केली."

"बरं, चढतो."

"थांब बे!" मी ओरडलो. "काठी लावलीस का?"

"तुमी म्हणले ना बंद हाय."

"मी म्हणलो म्हणून बंद झाली व्हय रं? आधी काठी लाव."