आमच्या विहिरीपर्यंत आलेलं रोम

रोमन लोकांविषयी कोणी कौतुकानं बोललं की माझं डोकं फिरतं. काय ते रस्ते, काय ते कायदे, काय ते नागरिकत्व! हे कौतुक मी लहानपणी जेवणाच्या पाटावर इतकं ऐकलं आहे, की रोमचं नाव काढलं तरी मला लाकडाच्या भुशाचा वास येतो.

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. सत्तरच्या दशकात आम्ही लकडगंजात राहायचो, चहूकडे लाकडाचे टाल, म्हणजे वखारी, आणि लाकूड कापताना सकाळपासून किंचाळणाऱ्या आरामशिनी. आमचं आणि काकांचं घर शेजारी शेजारी, मधे मोकळी पट्टी आणि तिच्यात विहीर. वाटणीत घरं वाटली गेली, पट्टी तशीच राहून गेली. नवरे एकमेकांकडे बघतसुद्धा नसत, पण आई आणि काकू त्या विहिरीवर पाणी भरता भरता सगळं बोलून घ्यायच्या. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही आली तर. विहीर गेली तर आईचे काय हाल होतील हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

काकांनी पट्टीत न्हाणी बांधायला काढली आणि भांडण पेटलं. बाबा म्हणाले पट्टी माझी, काका म्हणाले माझी. आमच्यात अशा वेळी कोर्टात जात नाहीत, पंच बोलावतात. दोघांनी एकाच विड्याला हात लावायचा आणि पंच म्हणेल ते मान्य म्हणायचं. मग माघार नाही. नातेवाईक कोणाच्या तरी बाजूचा निघणार, म्हणून या दोन शहाण्यांनी बाहेरचा माणूस निवडला. मागच्या टालाचे मालक, सेठजी. निःपक्ष म्हणे! त्यांच्या टालाची भिंत त्याच पट्टीला लागून होती.

यातली संतापजनक गोष्ट वेगळीच आहे. रोम लहान असताना शेजारच्या दोन गावांत जमिनीवरून वाद झाला. दोन्ही गावं न्याय मागायला रोमकडे गेली, आणि रोमच्या लोकांनी मतं देऊन ठरवलं की ती जमीन रोमची. हे मला कोणी सांगितलं? बाबांनीच. हसत हसत सांगितलं होतं, आणि विड्याला हात लावताना त्यांना ते आठवलं नाही.

सेठजींनी लगेच निकाल दिलाच नाही. विचार करतो म्हणाले. तोवर विहीर सोडली तर पट्टी कोणी वापरायची नाही, आणि वापरली जाऊ नये म्हणून त्यांचे चार ओंडके तिथं राहतील. दोन्ही घरांतल्या कोणीही आपसात बोलायचं नाही, जे काही असेल ते सेठजींशी. रोमही तेच करायचं. जिंकलेल्या प्रत्येक गावाशी वेगळा तह, आणि गावांनी एकमेकांशी तह करायचा नाही. मग काकांच्या मोठ्या मुलाला सेठजींनी आरामशिनीवर लावून घेतलं. रोमलाही अशा गावांकडून पैशापेक्षा माणसंच हवी असायची, पुढची गावं जिंकायला. काका खूश होते. त्यांना वाटलं निकाल आपल्याकडे झुकतो आहे, आणि तसं सेठजी बाबांनाही वाटू देत होते.

ओंडके आले की बंडी, म्हणजे बैलगाडी, येते, बंडी आली की तिला रस्ता लागतो. अर्धवट न्हाणी पाडून पट्टीतून रस्ता निघाला.

"रस्ता तर सगळ्यायच्याच कामाचा आहे," बाबा म्हणाले.

इतका राग मला आयुष्यात फार कमी वेळा आला आहे. आमच्या दोन घरांमधून रस्ता कोणाला हवा होता?

आणि मग एका सकाळी विहिरीवर जाड फळ्या ठोकलेल्या दिसल्या. बंडीचा बैल आत पडू नये म्हणून. आई रिकामी बादली घेऊन तिथंच उभी राहिली. पलीकडे काकू उभी होती. दोघी आपापल्या रिकाम्या बादल्या घेऊन घरात परतल्या. त्या दिवसापासून दोघी चौकातल्या नळावर जाऊ लागल्या, नवऱ्यांच्या धाकानं एक पहाटे आणि एक दुपारच्या उन्हात.

आईनं बाबांना जेवू दिलं नाही. "आधी त्याले जाऊन विचारा, माझं पाणी काहून बंद केलं?"

बाबा गेले आणि तासाभरानं परत आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं.

"सेठजीनं मले पंच केलं," ते म्हणाले. "आता मोहल्ल्यात कोणाचंही भांडण असो, मी त्यायच्या बाजूले बसणार."

"अन् विहीर?"

"निघंल वं मार्ग. आता आपण त्यायचेच झालो ना."

रोमनं हरवलेल्या गावांतल्या प्रतिष्ठितांना असंच आपलं करून घेतलं होतं. त्यांना नागरिकत्व दिलं आणि त्यांच्याच हातून गावं ताब्यात ठेवली. बाबा याला रोमची उदारता म्हणायचे. मी त्यांना तोंडावर म्हणाले, "बाबा, तुम्ही विकले गेले, अन् तेही फुकटात." त्यांनी मला कानफटात मारली. आईनं मध्ये पडून मला सोडवलं नाही आणि त्यांना वाढलंही नाही.

निकाल शेवटपर्यंत लागला नाही. ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याला निकालाची घाई कशाला असेल?

पुढच्या उन्हाळ्यात आमच्याच गल्लीत, टोकाच्या घरातल्या दोन भावांचं सामाईक अंगणावरून बिनसलं. सेठजींना पंच करायचं ठरतंय असं कानावर आलं. मला राहवेना. थोरल्या भावाची बायको चौकातल्या नळावर उभी होती, तिला मी गाठलं.

"मावशी, सेठजीले पंच करू नका. आमच्या विहिरीचं काय झालं ते पाहा ना."

तिनं भरलेली घागर कडेवर घेतली आणि माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"पाहिलं वं पोरी. म्हणूनच तर आम्ही नाहीच म्हणून राहिलो होतो. मग समजलं का पंचात तुझे बाबाही बसून राहिले. गुरुजीसारखा सरळ माणूस हाये, म्हणून हो म्हटलं."