इब्राहिमचाचांचा कबुतरखाना

इब्राहिमचाचांच्या मुलाचा, सलीमचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका टॉवरच्या पार्किंगचं ड्रॉइंग करत होतो. "अब्बा गेले. काल असरच्या नमाजानंतर," एवढंच तो बोलला. मी काहीतरी पुटपुटलो, फोन ठेवला आणि पुन्हा रेघा मारायला लागलो... त्याला आता दीड महिना होईल. दुबईत अठरा वर्षं काढल्यावर असे फोन अंगवळणी पडतात, आणि ते अंगवळणी पडलेत हे जाणवलं की जास्तच थकायला होतं.

इब्राहिमचाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे गवंडी. दुबईतल्या करामा भागातल्या खोलीत सहा वर्षं आमच्या खाटा समोरासमोर होत्या आणि काम एकाच कंपनीत. नव्वदनंतर शारजातल्या जुन्या घरांची दुरुस्ती निघाली, तेव्हा मी ड्राफ्ट्समन म्हणून तिथे गेलो आणि ते गवंडी म्हणून. ती घरं समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाची. फोरमनने सिमेंटचा गिलावा करायला सांगितला, तर चाचांनी थापी खाली ठेवली. हा दगड खारा आहे, सिमेंटखाली कोंडून सडेल, याला चुनाच हवा, असं त्यांनी त्याला हिंदीत शांतपणे समजावलं. आमचा स्कॉटिश साहेब अॅलन मागे उभा राहून ऐकत होता. त्या दिवसापासून चुन्याचं सगळं काम चाचांकडे आलं.

पुढच्या सुट्टीत अॅलन आपल्या गावाला जाऊन आला तो फोटो घेऊन. डोंगराच्या कुशीतलं चाळीसेक घरांचं गाव, जुनं चर्च, दोन कमानींचा दगडी पूल, बंद पडलेली पाणचक्की. आणि एका शेतात चारशे वर्षांचा गोल कबुतरखाना, ज्याच्या भिंतीत आतून शेकडो कोनाडे. पूर्वी कधीतरी कुणीतरी त्याला बाहेरून सिमेंट फासलं होतं आणि आतला दगड ओल धरून भुगा होत चालला होता. तो पाडून टाकावा असं गावातल्या बऱ्याच जणांचं मत पडलं होतं. चाचांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अजून उभा आहे, म्हणजे जगायचं आहे त्याला."

अॅलनने त्यांना तिकडे न्यायचं ठरवलं. व्हिसाचा फॉर्म मी भरला. कामाचं कारण म्हणून 'कबुतरखान्याची दुरुस्ती' लिहिलेलं पाहून खिडकीतल्या बाईंनी ते आम्हाला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. या सगळ्यात उन्हाळा निघून गेला. चाचा पोहोचले तेव्हा तिकडे सप्टेंबर उजाडला होता. गावच्या समितीच्या मार्गारेट नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांच्या घरी ते उतरले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मटण हलाल नाही म्हणून त्या रोज मासे करायच्या, आणि अळणी मासे दोन महिने मुकाट्याने खाल्ले, असं चाचा परत आल्यावर सांगायचे. सिमेंट खरवडण्यातच महिना गेला. गिलावा संपला तेव्हा ऑक्टोबर सरत आला होता. निघायच्या दिवशी गावातली माणसं त्या पांढऱ्या भिंतीपाशी जमली होती म्हणे.

जानेवारीत फॅक्स आला. बर्फ पडलं आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटून खाली आले. अॅलनने तो कागद माझ्याकडे दिला, चाचांना सांगायचं धाडस त्याला होईना. मी सांगितलं. ते खाटेवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. जेवले नाहीत.

"भाऊ, मला बर्फ ठाऊक नव्हतं," शेवटी ते म्हणाले. "चुना सुकायच्या आत थंडीने धरलं त्याला. चूक माझी."

पुन्हा जायला कंपनीने रजा दिली नाही. तिकडे पाडापाडीची भाषा परत सुरू झाल्याचं अॅलन सांगायचा. मग चाचांनी मला पत्र लिहायला बसवलं. चार शुक्रवार ते मराठीत सांगत होते आणि मी इंग्रजीत उतरवत होतो. चुना किती दिवस भिजवायचा, थर किती पातळ द्यायचा, ओलं गोणपाट कसं बांधायचं, मे महिन्यात सुरू करून ऑगस्टच्या आत हात कसा काढून घ्यायचा. चित्रं मी काढून दिली. पहिलंच वाक्य मात्र त्यांना 'चूक माझी होती' असं हवं होतं. मी म्हटलं, त्याची काय गरज आहे? ते म्हणाले, "ते नाही लिहिलंस तर पुढच्यावर कोण विश्वास ठेवील?"

मी लिहिलं. मार्गारेटबाईंनी ते पत्र समितीत वाचून दाखवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या सातआठ माणसांनी स्वतः थाप्या हातात घेतल्या. तो हिवाळा भिंतीने काढला, त्यानंतरचेही. फोटो आला तेव्हा चाचांनी चष्मा लावून पाहिला. बरा आहे, पण खालचा पट्टा घाईत केलाय, एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात मात्र तो फोटो खोलीतल्या प्रत्येकाला दाखवून झाला.

नंतर त्यांना धाप लागायला लागली. इतक्या वर्षांची धूळ. कंपनीने मेडिकल केलं आणि खलास, परत पाठवलं. निघताना विमानतळावर आम्ही फार काही बोललो नाही... आता वाटतं, बोलायला हवं होतं.

मार्गारेटबाईंना बातमी मीच फोनवर कळवली.  त्या म्हणाल्या, मी चालत जाऊन सगळ्यांना सांगते, फोनवर नको.

गेल्या आठवड्यात रजेवर आलो तेव्हा चाचांच्या घरी गेलो. घर स्लॅबचं, सिमेंटचं. मुलांना तसंच हवं होतं. सलीमने चहा दिला, मग मला परसात नेलं. तिथे फळ्यांनी झाकलेला एक खड्डा होता. आत चुना भिजत घातलेला, लोण्यासारखा मऊ, वर वीतभर पाणी. इकडे आल्यावर अब्बांनी सगळ्यात आधी हेच केलं, सलीम म्हणाला. कशासाठी, ते कुणालाच माहीत नव्हतं. गावात आता चुन्याने कोणी बांधत नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात चाची विहिरीवरून कळशी घेऊन आल्या, फळी सरकवून त्यांनी पाणी आत ओतलं आणि फळी पुन्हा नीट बसवली. पाणी आटलं तर चुना फुकट जातो, त्या म्हणाल्या. मी विचारलं, अजून रोज घालता?

"बंद कर असं ते कधी बोलले नाहीत," त्या म्हणाल्या, आणि रिकामी कळशी घेऊन आत गेल्या.