मोंढ्याची वेबसाइट आणि शिवलिंगचा पुरावा

संशोधनाने ज्ञान वाढतं म्हणतात. माझ्याकडे तरी किस्सेच वाढले! नव्वदीच्या शेवटी माजलगावात माझं इंटरनेट कॅफे होतं. माझा मित्र शिवलिंग तिथेच एमएस्सीचा प्रोजेक्ट करायचा: मोंढ्यातले, म्हणजे शेतमालाच्या बाजारातले, भाव दाखवणारी वेबसाइट. गाइडने बजावलं होतं, "लोक ती वापरतात, याचा पुरावा आणा." नापास झाला तर वडील, म्हणजे अण्णा, त्याला आडत दुकानाच्या गादीवर बसवणार होते. गादीला नवी खोळसुद्धा चढली होती.

*

आधी सर्व्हे. शिवलिंग मोंढाभर विचारत फिरला. सगळ्यांचं एकच उत्तर, "लई भारी!" एका व्यापाऱ्याने तर वेबसाइट बघितलीही नव्हती. हटकलं तर म्हणाले, "अण्णाचं पोरगं तू. नाव कावून ठेवू?"

*

मग निरीक्षण. गिऱ्हाईक बसलं की हा लांबून टक लावून बघणार. चकलांब्याचे एक पाहुणे चटकन खुर्ची सोडून उठले. "बसा सायेब, मला काय घाई न्हाई!"

मी गिऱ्हाइकाच्या पाठीशी गेलो की मात्र शिवलिंग खेकसायचा, "मागं उभा राहू नको बे, डेटा खराब होतो!"

*

विचारून कळतं की बघून कळतं, यावर गाइड आणि शिवलिंगचा कायम वाद. माझं तत्त्वज्ञान सोपं होतं. इंटरनेटसाठी फोनची लाइन लागली तरच काही कळतं!

*

शेवटी प्रयोग. एका गटाला लाल बटणांचं पान, दुसऱ्याला साधं. कापसाचा भाव कोणाला लवकर सापडतो? पहिल्या गटाने बाहेर येऊन दुसऱ्याला दारातच सगळं शिकवलं. दुसरा गट साध्या पानावर लाल बटण शोधत बसला!

"सांगितलं कावून?" शिवलिंग ओरडला.

"मग? आपली मानसं आत अडकू द्यायची का?"

*

शिवलिंग पार खचला. मलाही फार वाईट वाटलं. आणि अचानक, वेबसाइट किती वेळा उघडली ते दाखवणारा काउंटर रोज दुपारी पळायला लागला. "लोक वापरायलेत बे!" शिवलिंग नाचायचाच बाकी होता. मी हिशेबाची वही उघडली. मला काही न सांगण्याची शपथ घातलेली होती.

एका दुपारी तो कॉलेजातून लवकर आला. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर अण्णा! दुकान बंद ठेवून तेच पान पुन्हा पुन्हा उघडत होते.

शिवलिंग त्यांच्या मागे जाऊन थांबला. "अण्णा, तुमाला तर मी गादीवर पायजे होतो ना?"

अण्णांनी मानसुद्धा वळवली नाही.

"मागं उभा राहू नको. डेटा खराब होतो."