ओल्या काँक्रीटमधली स्पर्शिका

पूर्णा गावातल्या एका गोदामासमोरचं नवं काँक्रीट मी बिघडवलं, हे आधी कबूल करून टाकतो. रस्ता डावीकडे वळत होता, माझी स्कूटी वळत होती, आणि शिकाऊ मी मात्र मान मागे वळवून शिकवणाऱ्या बाईंना "जमतंय ना?" असं विचारत होतो. हात सैल पडले, हँडल सरळ झालं आणि चाकाने वळण सोडलं. नवशा गवंड्याने नुकतंच घोटून आरशासारखं केलेलं काँक्रीट चिरत ते दहा फूट सरळ गेलं आणि आडवं झालं. मीही झालो. साठीचा माणूस सिमेंटमध्ये पडला की त्याचा पुतळा व्हायला फार वेळ लागत नाही.

"ओ मास्तर, डोले हायत का बटना?" नवशा ओरडला. "आता हे परत कोन घोटनार, तुमचा बापूस?"

मागून धम्मदिना धावत आली. "सर, हलू नका! अजिबात हलू नका!"

माझ्या हाडांची काळजी करणारं जगात कुणीतरी आहे म्हणून मला भरून आलं. पण ती माझ्याजवळ थांबलीच नाही. चाकाच्या खुणेपाशी जाऊन उकिडवी बसली.

ही धम्मदिना म्हणजे माझी गुरू आणि माझीच विद्यार्थिनी. वय छत्तीस, राहणार नारपोली. पूर्ण्याच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवते आणि रविवारी सकाळी बायकांना स्कूटी शिकवते. त्या बायकांत मी एकटा पुरुष, आणि सगळ्यांत कच्चा. तिची फी मी, निवृत्त गणित-मास्तर, गणित शिकवून फेडत होतो. बाहेरून बारावीला बसलेली; बाकी सगळे विषय सुटले, गणित दोनदा राहिलं. बारावी पास झाली की तिला शिफ्ट इन्चार्ज करायचं ठरलं होतं, पण साहेबांनी सांगून ठेवलं होतं: यंदाही राहिलं तर जागा दुसऱ्याला. पेपर तीन आठवड्यांवर आला होता, आणि बाई अडून बसल्या होत्या विकलजाच्या, म्हणजे डेरिव्हेटिव्हच्या, पहिल्याच पानावर.

"सर, दोन ठिपके द्या, रेघ मारते. एका ठिपक्यातनं तर हजार रेघा जातात. मग त्यातली वळणाला नुसती टेकून जाणारी स्पर्शिका कुठली, हे ठरवलं कुणी?"

छत्तीस वर्षं मी या प्रश्नाला "ते मान्य करायचं असतं" असं उत्तर देत आलो होतो. पोरं निमूट मान्य करायची. ही करेना. माल कसा रचलाय ते बघितल्याशिवाय फोर्कलिफ्टचे दात खाली घालायचे नाहीत, ही तिची रोजची सवय. ती पुस्तकालाही लावायची.

"सर, हीच ना ती?" तिने खुणेकडे बोट दाखवलं.

"कोण ती?" मी दाढीतलं सिमेंट पुसत विचारलं.

"स्पर्शिका. रस्ता वळला, तुम्ही सरळ गेलात. सुटलात त्या जागी चाकाचं तोंड जिकडं होतं, तिकडं. दोन फूट पुढं सुटला असतात तर?"

"वेगळ्या दिशेला गेलो असतो."

"दुसरीकडं पडला असतात. म्हणजे दर जागेची आपली एक दिशा हाय." तिने नवशाची सुताची दोरी उचलली. "सर, हे टोक धरा. सुटलात तिथंच."

दुसरं टोक घेऊन ती वळणाच्या कडेने पुढे गेली. दोरी खुणेपासून लांब, तिरपी. दोन पावलं मागे आली; दोरी खुणेकडे झुकली. अजून आली, अजून झुकली. शेवटी हातभर अंतर उरलं आणि दोरी खुणेवर जवळजवळ निजलीच.

"आणि अगदी तुमच्या बोटापाशी आले तर?"

"तर दोरीच उरणार नाही. तिचा चढ काढायला गेलीस तर शून्य भागिले शून्य."

ती थबकली. "मग पोचायचंच न्हाय. कुठं चाललीय तेवढं बघायचं."

हेच मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं. पण एकाही पोराने ते आपल्या शब्दांत मला परत सांगितलं नव्हतं.

सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर आम्ही गणित मांडलं. एक्सच्या वर्गाचा वक्र, पहिला ठिपका एकवर. दुसरा ठिपका दोनवर घेतला तर चढ तीन. दीडवर अडीच. एक पूर्णांक एक दशांशवर दोन पूर्णांक एक दशांश. ती पुटपुटली, "दोनकडं चाललंय. पोचलं न्हाय, पण दुसरीकडं जायला जागाच न्हाय."

"ताई, दोरी देता का?" नवशा कळवळला. "सुकतंय हो! शेट मारंल मला."

तिने खुणेचा मोबाइलवर फोटो काढला, मगच त्याला थापी फिरवू दिली. फोटोत एका कोपऱ्यात माझा पायही आलाय. पुढचे तीन आठवडे तिने तो फोटो समोर ठेवून वह्यांवर वह्या भरल्या.

मे महिन्यात निकाल लागला. पेढे घेऊन ती स्वतः घरी आली. गणितात एकसष्ट, आणि सोमवारपासून शिफ्ट इन्चार्ज. माझी छाती फुगली. म्हटलं, चला, मास्तरकी कारणी लागली. न राहवून विचारलंच, "स्पर्शिकेचा प्रश्न आला तेव्हा माझं कुठलं शिकवणं आठवलं गं?"

निघता निघता तिने हेल्मेटचा पट्टा आवळला.

"शिकवणं न्हाय सर, पडणं."