दिवा आहे, पडदा नाही

मी रोह्याला माहेरी होते. भाचीच्या साखरपुड्याच्या जेवणासाठी बिरड्याचे वाल सोलत आम्ही चौघीजणी बसलो होतो, हसणं-खिदळणं चाललं होतं आणि यांचा फोन आला. आमचे हे फोन करणाऱ्यांतले नव्हेत, नागोठण्याच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केली पण उशीर होईल म्हणून कधी कळवलं असेल तर शपथ. म्हणून नाव दिसताच हातातले वाल खाली ठेवले. "दामू गेला," हे म्हणाले. "पेणच्या स्टँडवर छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं." खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. आधी आला तो राग, आणि तो स्वतःचाच. गेली कित्येक वर्षं त्या माणसाबद्दल चार लोकांसमोर एक गोष्ट सांगून मोकळं व्हायचं होतं, आज करू, उद्या करू म्हणत राहिले... आणि माणूसच गेला. पेपरात दोन ओळी आल्या, 'केबल व्यावसायिक दामोदर यांचे निधन'. त्या दोन ओळींत जे मावलं नाही ते लिहायला बसले आहे. महिना झाला आता.

दामोदर म्हणजे माझा धाकटा दीर. गाव त्याला दामूभाऊ म्हणे, मी भावजी. मी लग्न होऊन पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात आले तेव्हा मला खारं पाणी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. आमच्या रोह्याची नदी गोड्या पाण्याची, पावसाळ्यात चढते आणि उतरते. इथे दिवसातून दोनदा पाणी दाराशी येऊन परत जातं, आणि आपलं भात आणि ते पाणी यांच्यामध्ये फक्त मातीचा एक बांध. त्याला बाहेरकाठा म्हणतात. भरतीचं वेळापत्रक मला भावजींनीच शिकवलं. "वयनी, दादा जसा शिफ्टला जातो तशी पान्याची पन शिफ्ट असते," ते म्हणायचे, "फरक येवडाच, पानी सुट्टी घेत नाय." अमावास्या-पौर्णिमेचं मोठं उधाण भरदुपारी येतं, तेव्हा बाहेरकाठ्यावर लक्ष ठेवायचं. खेकड्याच्या एका बिळातून पाणी झिरपायला लागलं की तासाभरात खांड पडते, म्हणजे बांधाला भगदाड. आणि एकदा खारं पाणी शेतात शिरलं की ते भात तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षं ती जमीन काही उगवू देत नाही.

भावजींनी घराच्या ओटीला लागून एक खोली काढून तिथे केबल सुरू केली. छपरावर छत्री, खोलीत यंत्रांच्या मांडण्या, आणि तिथून माडांवरून, खांबांवरून काळ्या तारा गावभर. दोन-तीन वर्षांतच एका उधाणाला खांड पडली. बांध बांधायला माणसं हवी होती आणि माणसं घरात क्रिकेट बघत बसलेली. देवळातल्या भोंग्याकडे कोण लक्ष देतो! भावजी धावत खोलीत आले आणि त्यांनी सगळ्या गावाचा टीव्ही एका फटक्यात बंद केला. माणसं तावातावाने बाहेर आली, कुठाय तो दामू म्हणत. दामू हातात फावडं घेऊन रस्त्यात उभा. त्यांना तसंच बांधावर नेलं. पेंढा, माती, चिखलाचे गोळे हातोहात पोचले आणि शेतं वाचली. तेव्हापासून गावाचा नियमच झाला. टीव्ही काळा झाला की आधी डोक्यावरच्या दिव्याकडे बघायचं. दिवाही गेलेला असेल तर लाईट गेली, बसा निवांत. दिवा आहे आणि पडदा नाही, तर पळा बाहेरकाठ्यावर. शाळेतल्या पोरांनाही हे पाठ होतं. या नियमासाठी भावजी सोवळं पाळावं तसं वागत. तार दुरुस्त करायची असली की आदल्या दिवसापासून पडद्यावर खाली पट्टी फिरवत, 'उद्या दुपारी काम आहे, घाबरू नये'. उगाच पडदा काळा केला असं एकदाही झालं नाही. त्या वर्षांत गावाने किती खांडी बुजवल्या ते मोजायला कुणी बसलं नाही.

मग डिजिटल आलं. हुकूमच होता, आवडनिवड विचारतो कोण! प्रत्येक टीव्हीला एक डबा घ्या. आतल्या खोलीत दुसरा टीव्ही असेल तर दुसरा डबा घ्या. सासूबाईंच्या जुन्या टीव्हीला डब्याची वायर लावायला भोकच नव्हतं, म्हणून टीव्हीच नवा घ्या. एकाचे दोन रिमोट झाले, आणि कुठला चॅनल कुठल्या पॅकेजात हे समजायला वकील लावावा लागेल अशी गत. चित्र मात्र छान दिसायचं, नाही म्हणत नाही. नटीच्या कपाळावरची टिकली मोजून घ्यावी इतकं स्वच्छ. पण पैसे भरायची तारीख एका दिवसाने चुकली तर काळं. पाऊस जोरात आला की चित्राचे चौकोन चौकोन आणि मग काळं. वरून कुठून तरी काही बिघडलं की काळं. सिग्नल आता दूर शहरातून कंपनी सोडायची, भावजींच्या खोलीतली यंत्रं भंगारात गेली आणि तारेच्या नव्या पेटीला कंपनीचं कुलूप लागलं. खांडीच्या इशाऱ्यासाठी आमच्या गावाची पट्टी सगळ्या चॅनलवर दिसू द्या, म्हणून भावजी कंपनीच्या ऑफिसात चारदा जाऊन आले. तिथल्या साहेबाने सांगितलं, तुम्हाला तुमचा एक चॅनल देतो, नऊशे कितीतरी नंबरचा. "नऊशेव्या नंबरावर कोन मरायला जानाराय?" भावजी घरी येऊन म्हणाले. मी हसले. मला तेव्हा ते फार गंमतीचं वाटलं होतं.

त्या वर्षी भाद्रपदात भात पोटरीवर आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. अमावास्येची दुपार. हे पहिल्या शिफ्टला गेलेले, मी भाकऱ्या थापता थापता मालिका बघत होते. आणि पडदा काळा झाला. डोक्यावर दिवा चालू होता. हे मी पाहिलं, आज शपथेवर सांगते, पाहिलं. पण त्या महिन्यात पडदा चौथ्यांदा काळा झाला होता, आणि परवाच मी पैसे भरले होते. डोकं असं भडकलं की पिठाच्या हाताने फोन उचलला. "भावजी, परत मेलं तुमचं डबडं! पैसे काय ओवाळणी म्हणून घेता काय?" पलीकडे वारा घोंगावत होता. "वयनी, ऐका..." ते म्हणाले. "काय ऐकू? ऐकून ऐकून कान किटले," म्हणून मी फोन तोडला. लगेच परत त्यांचा फोन आला. मी तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा आवाज बंद करून फोन पालथा घातला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

नंतर कळलं ते असं. भावजींना बांधात पाणी झिरपताना दिसलं. पेटीला कुलूप, म्हणून त्यांनी गावात येणारी मुख्य तारच पक्कडीने तोडली आणि नेहमीसारखे बांधावर जाऊन उभे राहिले. मिठागरावरचे दोघेजण तेवढे सोबतीला. तिघे चिखल टाकत होते आणि गावाच्या वाटेकडे बघत होते. माणूस काही येईना. आले ते फोन, एकामागून एक, सगळे तक्रारीचे... माझा पॅक संपला काय, माझा का बंद, डबा बदलून दे, आणि उत्तर ऐकायच्या आधीच फोन बंद. आपण एक नंबर लावावा तर त्याआधी दुसरा वाजतोय. शेवटी ते चिखलाने माखलेले ओरडत गावात धावत आले. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा खांड बैलगाडी जाईल एवढी झाली होती. पाणी आवाज न करता शेतात पसरत होतं. पहिलं शेत आमचंच.

चार दिवसांनी देवळात बैठक बसली. सगळ्यांचं तोंड एकाच माणसाकडे. "दामूनं सांगितलं का नाय?" भावजी उभे राहिले. "मी तार तोडली. पडदा काळा केला. आनखी कसं सांगू?" "तुजा पडदा तर रोजच काळा असतो!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे एकदम बोलायला लागले. बांधाच्या वर्गणीतून त्याला काढा इथपर्यंत बोलणं गेलं. आमच्याकडे वर्गणीतून काढणं म्हणजे गावातून काढण्यासारखंच. मी बायकांत भिंतीला टेकून बसले होते. मला फक्त उठून एवढंच म्हणायचं होतं, की भावजींनी मला फोनवर सांगायचा प्रयत्न केला, मी ऐकून घेतलं नाही. मी एकटी ऐकते तर सगळं गाव उठवलं असतं. भावजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. त्यांनी नजर काढून घेतली आणि माझं नाव घेतलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. वर्गणीतून त्यांना काढलं नाही एवढंच, पण निम्म्या गावाने डबे परत आणून ओटीवर ठेवले.

तीन वर्षं आमच्या शेतात नुसतं खुरटं गवत होतं. हे डबल शिफ्ट करायला लागले आणि मी दिराशी पहिल्यासारखंच हसून बोलत राहिले, हे सगळ्यांत वाईट. एकदा संक्रांतीला तिळगूळ देताना धीर करून विचारलं, "भावजी, माझ्यावर राग आहे ना तुमचा?" त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला. "राग नाय वयनी. मला येवडंच वाटलं व्हतं, बाकी कोन नाय तरी तुमी दिव्याकडं बघाल." मग म्हणाले, "तवापासनं मी कुनाची वाट बघत नाय." ते खरंच होतं. त्यानंतर प्रत्येक उधाणाला दुपारी ते बाहेरकाठ्यावर जाऊन बसत आणि पाणी चढायला लागलं की घरोघर फोन लावत, खाडीकडच्या टोकापासून सुरुवात करून. पाणी कुठवर आहे, या किंवा येऊ नका, एवढंच बोलणं. ज्यांनी देवळात आरडाओरडा केला त्यांनाही फोन. धंदा कधीच बसला होता, गाव मोबाईलवर मालिका बघायला लागलं होतं, पण हे काम सुटलं नाही.

परवा पौर्णिमा होती. त्यांचा फोन कपाटात बंद पडून होता, तो मी सकाळीच चार्जिंगला लावला. यांना म्हटलं, चला बांधावर. हे काही न विचारता उठले. पाणी बांधाच्या गळ्याशी आलं होतं आणि एका जागी माती ओली दिसत होती. मी भावजींच्या फोनवरून टोकाच्या घरातल्या नर्मदाबाईला फोन लावला. तिकडे नाव दिसलं असणार, कारण मी बोलायच्या आधीच ती म्हणाली, "व्हय भाऊ..." आणि एकदम थांबली. "कोन गो?" तिने हळूच विचारलं. मी म्हटलं, "मी वयनी, दामूभाऊंच्या फोनवरून. पाणी चढतंय. आणि नर्मदाबाय, आधी एक ऐक. त्या साली भावजींनी मला फोनवर सांगायला घेतलं होतं. मीच त्यांचा फोन तोडला." मग ती म्हणाली, "मी पन तोडला व्हता, वयनी. थांब, निगाले."

मी पुढचा नंबर लावला, मग त्याच्या पुढचा, आणि प्रत्येक घराला दोन्ही गोष्टी सांगितल्या, पाण्याची आणि माझी. एकाही घराने माझा फोन मधे तोडला नाही.