एडविनचं स्वतःचं पदक

माझे यजमान एडविन पार्जिटर. त्यांच्या वडिलांनी बर्मिंगहॅमच्या बटणांच्या कारखान्यात जन्मभर एकाच यंत्राचा दांडा ओढला. म्हणून यांनी सगळं हातानेच करायचं व्रत घेतलं आणि आमचं बिऱ्हाड या डोंगरातल्या खेड्यात आलं. इथल्या कारागीर मंडळासाठी त्यांनी पाद्र्यांची, जमीनदारांची, कितीतरी जणांची तोंडं असलेली पदकं घडवली. नाव मात्र मंडळाचंच. या वसंतात लंडनच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने काही ठेवायला मिळणार होतं. म्हणाले, "मी माझंच तोंड करणार."

तेव्हापासून घराला स्वस्थता नाही. चेहरा बाजूने दिसावा म्हणून त्यांनी दोन आरसे टांगले. मान जरा हलली की नाक आरशातून पळायचं. मग मेण खरवडायचं, पुन्हा थापायचं. मी प्रार्थनेला गुडघे टेकले की आतून हाक यायची.

"हॅना, माझी हनुवटी अशीच आहे का गं?"

"अहो, देवाने दिली तशीच आहे."

"मी तुला विचारतोय, देवाला नाही."

अखेर मेणाचं तोंड जमलं. काल कांसं ओतलं, आज सकाळी साचा फोडला. गालावर वाटाण्याएवढा खड्डा. प्रदर्शनाचं सामान नेणारी गाडी दुपारी निघायची होती.

शेजारचा म्हातारा ओतारी जोब बघायला आला. "हवा अडकली रे. याच धातूचा तुकडा ठोक, वरून घास. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

"ओतलेल्या वस्तूला ठिगळ? ते खोटं आहे. देव बघतो."

"देव रविवारीही बघतो," मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही प्रार्थनेला चॅपलात नसता."

"मग खड्डा राहू दे की," जोब म्हणाला.

"राहू कसा देऊ? देवी आलेल्या माणसासारखा दिसतोय मी."

ठिगळ नको, खड्डाही नको. जोब कपाळाला हात लावून निघून गेला. हे हात धुवायला मागे गेले, तेवढ्यात गाडीवाला दाराशी आला. मी पदक फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं, पेटीत घातलं आणि त्याच्या हवाली केलं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची तोंडं घडवणाऱ्या माणसाचं नाव एकदा तरी लंडनला वाचलं जावं, एवढंच मनात होतं.

त्यांना कळलं तसे ते एप्रनसकट उतारावरून धावले. परतले तेव्हा पेटी काखेत होती आणि धाप आवरत नव्हती. पदक पुन्हा वितळवायला मुशीत टाकलं, कोळसे पेटवले आणि मग हाक मारली, "भाता ओढ."

एकट्याने हे काम होत नाही. आजवर नेहमी मीच ओढत आले आहे.

"नाही ओढणार," मी म्हटलं.

"हॅना."

"जोबला बोलवा."

जोबला ते बोलावणार नाहीत, मला ठाऊक आहे. कोळसे विझले. पदक मुशीत तसंच पडून आहे, आणि हे शेजारी स्टुलावर बसून आहेत. मी देवाकडे धीर मागितला. अजून तरी मिळालेला नाही.